बत्तीस बाय बत्तीसवरचा राजवाडा: मोठ्या वयात लेगो सुरू करणाऱ्यांसाठी

दुकानातल्या मुलाने खोकं काउंटरवर ठेवत विचारलं, "बच्चे की उमर क्या है, भिया?" मी म्हटलं, "छियालीस." त्याने एकदा खोक्याकडे, एकदा माझ्या पिकलेल्या कल्ल्यांकडे पाहिलं आणि निमूट बिल केलं. घरी आईने विचारलं, "हे काय आता नवीन?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आज तीन वर्षांनी बैठकीतल्या शोकेसमध्ये इंदूरचा राजवाडा उभा आहे. उंची जेमतेम पंधरा सेंटिमीटर, पाचव्या मजल्यावर एक खिडकी अजून कमी. आलेल्या पाहुण्याला तो आईच दाखवते, आणि खिडकीचंही तीच सांगते.

ज्यांना हे करून बघावंसं वाटतं पण दुकानदाराच्या आणि घरच्यांच्या नजरेची लाज वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी काही उस्ताद नाही. चुका मात्र भरपूर केल्या, त्यामुळे पैसे आणि वेळ कुठे वाया जातात ते चांगलं ठाऊक आहे.

आधी तोंडओळख

लेगो हे डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या कंपनीचं नाव. ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये तिथे लाकडी खेळणी करायला घेतली. डॅनिशमध्ये 'लेग गोट' म्हणजे 'छान खेळा'. त्यावरून हे नाव. प्लॅस्टिकच्या विटा १९४९ पासून आल्या, पण त्या खालून पोकळ होत्या, धरून राहत नसत. खालच्या बाजूला नळ्या असलेल्या विटेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. एका विटेची बटणं तिच्यावर बसणाऱ्या विटेच्या नळ्या आणि कडा यांच्या बेचक्यात घट्ट अडकतात, एवढंच त्यातलं गुपित. त्या काळची वीट आजच्या विटेवर बसते, कारण साच्यातला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी ठेवतात.

आपण सगळ्याच विटांना लेगो म्हणतो, वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे आणि विटेचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखून ठेवायला युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये नकार दिला. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांनी जुळणाऱ्या विटा करण्यात गैर काही नाही. एखाद्याने डोकं लढवून रचलेला संच खोक्यावरच्या चित्रासकट उचलायचा, याला मात्र मी चोरीच म्हणतो आणि तसा माल घेत नाही.

दोन-तीन शब्द कानावर पडतील. मोठ्या वयाच्या शौकिनांना 'अफॉल' म्हणतात. स्वतःच्या डोक्याने केलेलं बांधकाम म्हणजे 'मॉक'. आणि दहावीच्या सुमारास विटा माळ्यावर गेल्यापासून त्या पुन्हा खाली येईपर्यंतच्या काळाला ते लोक 'डार्क एज' म्हणतात. आपल्याकडे त्याला अज्ञातवास हा नेमका शब्द आहे. माझा तीस वर्षांचा झाला, पांडवांचा वनवास धरूनही दुपटीहून जास्त.

पैसे खर्च करण्याआधी माळा बघा

पहिली पायरी फुकटची आहे. माळ्यावर, बहिणीच्या घरी, मोठ्या झालेल्या भाच्यांच्या कपाटात विटांची एखादी पिशवी असतेच. मागून आणा. त्यात तुटक्या गाड्या, पत्ते, कॅरमची एखादी सोंगटी आणि चिकट झालेली गोळीही निघेल.

विटा कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायच्या. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. वॉशिंग मशीनचा मोह टाळा, मोटर किंवा स्टिकर असलेले भाग वेगळे काढा आणि जुन्या पंच्यावर सावलीत वाळत घाला. मी पहिल्यांदा मे महिन्यात गच्चीवर उन्हात पसरल्या आणि विसरलो. संध्याकाळी मोठ्या पातळ तळपाटीचा पापड झाला होता. उन्हाने पांढऱ्या विटा कालांतराने पिवळ्याही पडतात, तेव्हा शोकेसही खिडकीसमोर नको.

पहिला संच

इथे बहुतेक जण चुकतात. इंटरनेटवर काहीतरी भव्य बघतात आणि तेच मागवतात. ताजमहालाचा मोठा संच २००८ मध्ये आला तेव्हा त्यात ५,९२२ तुकडे होते; नवख्याने तो उघडला तर दिवाळीला सुरू करून होळीपर्यंत जेवणाचं टेबल अडकून पडेल आणि घरात त्याविषयी बोलणं होईल. पुढे २०२१ मध्ये आलेला छोटा ताजमहाल २,०२२ तुकड्यांचा आहे, तोही पहिला म्हणून नको.

माझं मत विचाराल तर क्लासिक मालिकेतला साधा डबा घ्या. मधला ४८४ तुकड्यांचा, मोठा ७९० चा. त्यावर लहान मुलाचं चित्र आहे म्हणून बिचकू नका. साध्या विटा, खिडक्या, उतार आणि चाकं असं रोज लागणारं सामान त्यातच जास्त असतं. दुसरा पर्याय म्हणजे एकाच सामानातून तीन वस्तू करता येणारे क्रिएटर मालिकेतले संच. त्यांचा मोठा फायदा असा की केलेली वस्तू मोडायची सवय लागते, आणि तिच्यावाचून पुढचं काही होत नाही.

किंमत बघताना एकूण आकड्याला तुकड्यांच्या संख्येने भागा आणि दोन-तीन संच ताडून बघा. पात्रांचा परवाना असलेले, म्हणजे सिनेमा-कार्टूनवाले संच यात बहुधा महाग पडतात. आपल्याकडे भाव चढे असण्याचं एक कारण आयात शुल्क: खेळण्यांवर ते २० टक्के होतं, २०२० मध्ये ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. परदेशातून सुट्या विटा मागवताना हा हिशेब आधी करा. पार्सल आल्यावर करण्यासारखा तो नाही. खेळण्यांवर आयएसआयची खूण जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे, तीही खोक्यावर बघून घ्या. स्वस्तात मिळतो म्हणून मी एकदा खूण नसलेला संच ऑनलाइन घेतला. अकरा तुकडे कमी निघाले, आणि जे होते ते एकतर बसायचे नाहीत किंवा बसले की निघायचे नाहीत.

बसायचं कसं

जमिनीवर जुनी सुती चादर पसरा. उठताना चार कोपरे धरले की गाठोडं तयार, दिवाणाखाली सरकवलं की झालं. चादर नसेल तर काय होतं ते आमच्या सौ. सांगतील. रात्री पाणी प्यायला उठल्यावर त्यांच्या टाचेखाली दोन बाय चार बटणांची वीट आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाले, पण माझ्या ताटलीतली शेव गायब होती.

क्रमांक घातलेल्या पिशव्या एकेक करून फोडा. चिकटलेल्या पट्ट्या दातांनी सोडवू नका. जुन्या विटांवर दातांचे व्रण कुठून येतात ते मला आता कळतं. त्यासाठी पाचरीसारखं एक छोटं हत्यार मिळतं, ब्रिक सेपरेटर. पुष्कळ मोठ्या संचांत ते आतच असतं. दोन पातळ पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटल्या असतील तर दोन सेपरेटर घेऊन एक वरून, एक खालून लावून विरुद्ध दिशांना दाबा. आणि गोंद कधीच नाही. गोंद लावला की त्या विटा पुन्हा वापरायच्या राहिल्या नाहीत.

पहिला संच पुस्तिकेबरहुकूम करा, घाई न करता. हात काय शिकतोय तिकडे लक्ष ठेवा: भिंतीत सांध्यावर सांधा कुठे टाळला आहे, कोपऱ्यात विटा आलटून-पालटून कशा रचल्या आहेत. घराचं बांधकाम चालू असताना गवंडी करतो तेच इथे आहे. पुस्तिका हरवली तरी हरकत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर बऱ्याच जुन्या संचांच्या पुस्तिका फुकट उतरवून घेता येतात.

रंगाने लावू नका

पाचशे-सातशे तुकडे झाले की वर्गवारी लागते आणि प्रत्येक जण तीच चूक करतो. मीही केली. दोन रविवार खर्चून लाल एका डब्यात, पिवळे एका डब्यात, सगळं इंद्रधनुष्यासारखं लावलं. फोटो छान आला. मग एक बाय दोनची लाल पट्टी हवी होती तर लाल डब्यात वीस मिनिटं हात घालून बसलो. सगळंच लाल असल्यावर डोळ्याला आकार दिसत नाही. उलट सगळ्या एक बाय दोनच्या पट्ट्या एकत्र असल्या, तर त्यातली लाल झटकन उठून दिसते. डाळीत खडा दिसतो, खड्यांत खडा शोधावा लागतो. तेव्हा वर्गवारी आकाराने करा: विटा, पातळ पट्ट्या, बटणं नसलेल्या गुळगुळीत फरशा, उतार, गोल वस्तू, खिडक्या-दारं, आणि 'देव जाणे' नावाचा एक डबा. तो सगळ्यात आधी भरतो.

डबे विकत घेऊ नका. इंदुरात राहून डब्यांची टंचाई असणारं घर मी पाहिलेलं नाही. शेव-नमकीनच्या पारदर्शक बरण्या धुऊन, तेलाचा वास जाईपर्यंत दोन दिवस उघड्या ठेवल्या की काम भागतं. आमच्याकडे लसूण शेवेच्या बरणीत उतार आहेत.

आता मोडा, आणि आपलं काहीतरी बांधा

छंद खरा इथे सुरू होतो. पुस्तिकेप्रमाणे रचणं हे शिलाई मशीनवर आखलेल्या रेघेवर टीप मारण्यासारखं आहे. करावं, पण कपडा आपला बेतावा. लहानपणी दिवाळीत अंगणात किल्ला केला असेल तर तुम्हाला हे येतं. तेव्हा विटा, माती, गोणपाट आणि अळीव होते, आणि प्रतापगडाचा नकाशा कोणी हातात दिला नव्हता.

दोन विटांपासूनच सुरुवात करून बघा. एकाच रंगाच्या दोन बाय चारच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. सहा घेतल्या तर ९१,५१,०३,७६५ प्रकारे. हा आकडा ऐकून आईने विचारलं होतं, "मोजायला कोणाला वेळ होता?"

इमारत निवडताना रोज डोळ्यांसमोर असते ती निवडा. मी राजवाडा घेतला, कारण त्याची रचना विटांना सोयीची आहे: सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. म्हणजे खाली वाळूचा फिका रंग, वर तपकिरी, आणि रंगांचा प्रश्न मिटला. १९८४ च्या आगीत वाड्याचं किती नुकसान झालं ते वडिलांकडून ऐकलं होतं, त्यामुळे लाकडी मजले रचताना हात जरा जपूनच चालले.

आधी मोजमाप. हे चार आकडे पाठ करा, जन्मभर पुरतील: एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्यांची एक वीट. आणि पाच पट्ट्यांची उंची १६, म्हणजे बरोबर दोन बटणांची रुंदी. शेवटचा आकडा किल्लीसारखा आहे. त्याच्यामुळे विटा आडव्या करून भिंतीच्या तोंडावर लावता येतात आणि तरी मापं जुळतात. या आडव्या कामाला 'स्नॉट' म्हणतात. इंग्रजीत स्नॉट म्हणजे शेंबूड, म्हणून नाव ऐकून हसू येतं, पण खिडक्यांची नक्षी त्याशिवाय होत नाही.

लेगोच्या छोट्या माणसांच्या मापाने राजवाडा केला असता तर आम्हाला बाहेर झोपावं लागलं असतं. म्हणून सूक्ष्म प्रमाण घेतलं. एक मजला दोन विटांचा, सात मजले चौदा विटांचे: १३४.४ मिलिमीटर. खाली जोतं, वर छत, की झाले पंधरा सेंटिमीटर. सगळं बत्तीस बाय बत्तीसच्या तळपाटीवर, जिची बाजू २५.६ सेंटिमीटर. पुढे अहिल्याबाईंच्या पुतळ्याच्या बागेलाही जागा उरते.

एका रविवारी सकाळी समोर उभा राहून मोबाइलवर फोटो काढत खिडक्या मोजत होतो. चणे विकणारा म्हणाला, "नापजोख वाले हो क्या साहब?" हो म्हणून टाकलं.

अडलं ते सज्जांवर. लाकडी मजल्यांना पुढे आलेला सज्जा हवा, पण पट्टी एक बटण पुढे काढली की ८ मिलिमीटर बाहेर येते आणि राजवाड्याला दात आल्यासारखं दिसतं. आठवडाभर नुसता बघत बसलो. उपाय एका क्षुल्लक तुकड्याने दिला: एक बाय दोनची पट्टी, पण वर दोन बटणांऐवजी मधोमध एकच. तिला जंपर म्हणतात. तिच्यावर बसवलेली वस्तू अर्धं बटण सरकते, म्हणजे ४ मिलिमीटर. मग मजल्याची घडण अशी ठरली: खिडकीची एक वीट, त्यावर एक साधी पट्टी, एक थर जंपरचा, आणि त्यावर अर्धं बटण पुढे आलेली सज्जाची पट्टी. एक वीट आणि तीन पट्ट्या, म्हणजे दोन विटा. हिशेब जुळला आणि रात्री साडेअकराला मी एकटाच टाळी वाजवली.

एक इशारा. काही वर्षांपूर्वीच्या तपकिरी आणि गडद लाल विटा ठिसूळ निघतात, हे या छंदातले सगळे सांगतात. माझ्या पाचव्या मजल्याची खिडकी तशीच गेली, बसवताना टक्कन आवाज झाला. जुन्या तपकिरी विटा वापरायच्या असतील तर एकदाच बसवा आणि परत काढू नका.

संगणक, सुटे तुकडे

हे थोडक्यात. 'स्टुडिओ' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात पडद्यावर आधी बांधा, तो तुकड्यांची यादी काढून देतो. सुटे तुकडे 'ब्रिकलिंक'वर मिळतात, जगभरचे विक्रेते तिथे आहेत. २०१९ पासून ती बाजारपेठ लेगो कंपनीच्याच मालकीची आहे. 'रीब्रिकेबल'वर तुमच्याकडचे संच नोंदवले तर त्यातून आणखी काय करता येईल ते दिसतं. हे सगळं कामाचं आहे, पण पहिला मॉक हातानेच करा. पडद्यावर तुकडे कधी संपत नाहीत, आणि तुकडे संपल्याशिवाय युक्ती सुचत नाही.

माणसं कुठे शोधायची

जगभर शहराशहरांत शौकिनांचे गट आहेत. त्यांना 'लग' म्हणतात, लेगो यूजर ग्रुप. आमचा गट एवढा मोठा शब्द पेलणारा नाही. आम्ही पाच जण आहोत. एक दंतवैद्य, एक कॉलेजातली मुलगी, मी, माझा मेव्हणा, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक मावशी ज्यांचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा सफाईदार आहे. त्या सापडल्या कशा? गणपतीत. मंडळाच्या आरासीत मी छोटी गिरणी करून ठेवली होती, तर आरती संपल्यावर एक बाई वाकून बघत म्हणाल्या, "धुराडं जरा सरळ करा हो, झुकलंय."

तेव्हा सल्ला हाच: केलेलं चार लोकांसमोर ठेवा. इंदुरात तर याची रीत आहे. अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडल्या, झांक्या थांबल्या नाहीत. हलतं-दिव्यांचं काही उभारून रस्त्यावर आणायची या गावाला सवय आहे, बघायला माणसं येतात. गणपतीच्या आरासीत, सोसायटीच्या कार्यक्रमात, वाचनालयाच्या कोपऱ्यात एक टेबल मागून घ्या. पाटी लावा: 'हात लावायचा असेल तर विचारा'. 'हात लावू नये' लिहिलंत तर कोणी बोलणारच नाही.

चार जण जमले की एकत्र काहीतरी बांधा, त्यासाठी माप आधी ठरवा. आम्ही इंदूरचा सराफा बाजार केला. प्रत्येकाने बत्तीसची एक तळपाट घ्यायची, रस्ता पुढच्या सहा बटणांत, आणि दोन्ही कडांना ठरलेल्या जागी भोकाची टेक्निक वीट, म्हणजे पिन घातली की शेजारचं दुकान जोडलं जातं. बाकी कोणी काय करायचं त्यावर बंधन नाही. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री तीच बंद आणि पुढे खाण्याच्या गाड्या, म्हणून मावशींनी शटर खाली ओढता येईल असं केलं. मेव्हण्याने पिवळ्या गोल तुकड्यांचे पोहे केले. शेव काही कोणाला जमली नाही. कॉलेजातल्या मुलीने पारदर्शक दांड्यावर हवेत उडणारा दहीवडा बसवला आणि आम्ही चौघे मान खाली घालून आपापल्या कामाला लागलो.

बैठकीचे नियम आपोआप ठरत गेले. कोणाच्या संचाची किंमत विचारायची नाही. दुसऱ्याचं काम मोडून बघायचं असेल तर तो समोर असताना. लहान मुलं आली तर त्यांच्यासाठी वेगळी परात, भरलेली, कसंही खेळा; तीन वर्षांखालचं मूल असेल तर बारीक तुकडे टेबलावरून आधी उचलायचे. सुट्या तुकड्यांची मागणी एकत्र करायची म्हणजे टपालखर्च वाटला जातो. आणि सामान आणताना आपल्या डब्याला नाव लिहायचं.

शेवटच्या नियमाचा तसा उपयोग होत नाही. उठताना घाईत सगळं मिसळतं. परवा 'देव जाणे' डबा उपसला तर तळाशी जांभळा दरवाजा निघाला. माझा नाही, आणि पाचांपैकी कोणीच तो आपला म्हणायला तयार नाही. सराफ्यातल्या कुठल्याच दुकानाला जांभळा शोभत नाही म्हणून तो सध्या राजवाड्याच्या पाचव्या मजल्यावर, खिडकीच्या जागी टेकवून ठेवला आहे.